सिटी ऑन द एज ऑफ फॉरएव्हर, द

‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी दूरचित्रवाणी विज्ञानमालिकेच्या पहिल्या सत्रातील अठ्ठाविसावा भाग. एनबीसी वाहिनीवर ६ एप्रिल १९६७ रोजी प्रक्षेपित. दिग्दर्शक जोसेफ पेव्हनी. श्रेयनामावलीत लेखक म्हणून एकट्या हार्लन एलिसन (१९३४–२०१८) यांचे नाव आहे. शीर्षकाचा अर्थ ‘अनंतकाळाच्या काठावरचे नगर’ असा होतो. प्रत्यक्ष पडद्यावर मात्र नगर नाही, मोडके खांब आहेत.

जालीम औषधाची मात्रा चुकून टोचली गेल्याने भ्रमिष्ट झालेला अंतराळयानावरील वैद्य डॉ. मॅकॉय एका निर्जन ग्रहावरील कालद्वारातून भूतकाळात उडी घेतो. त्यासरशी इतिहास बदलतो आणि ‘एंटरप्राइज’ हे यान नाहीसे होते. यानाचा कप्तान कर्क व टोकदार कानांचा परग्रहवंशी अधिकारी स्पॉक त्याच्यामागून महामंदीच्या न्यूयॉर्कमध्ये, १९३० साली, उतरतात. तेथे गरिबांसाठी अन्नछत्र चालवणाऱ्या ईडिथ कीलरवर (जोन कॉलिन्स) कर्कचे मन जडते. स्पॉक लोकरी टोपीखाली कान झाकून रेडिओच्या सुट्या भागांतून यंत्र जुळवतो, तेव्हा त्यावर तिचे दोन भविष्यकाळ दिसतात : १९३० मध्ये रस्त्यावरील अपघातात मृत्यू, किंवा १९३६ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्याशी भेट. ती वाचली तर तिच्या शांतता चळवळीमुळे अमेरिका महायुद्धात उशिरा उतरेल आणि अणुबाँब आधी जर्मनीच्या हाती पडेल. अखेरीस ट्रक येतो. तिला वाचवायला धावलेल्या मॅकॉयला कर्कच मिठी मारून अडवतो.

लेखनश्रेयाचा वाद : एलिसन यांनी कथेचा आराखडा मार्च १९६६ च्या सुमारास, म्हणजे मालिका सुरू होण्यापूर्वीच दिला. एमी सेंपल मॅक्फर्सन या धर्मप्रचारिकेच्या चरित्रावरून ईडिथ सुचली, असे ते सांगत. त्यांच्या मसुद्यात मॅकॉयचा अपघात नाही. यानावर मादक द्रव्ये विकणारा बेकविथ नावाचा अधिकारी खून करून भूतकाळात पळतो. पहिल्या महायुद्धात पाय गमावलेला ‘ट्रूपर’ हे एक हृद्य पात्रही त्यात होते. ते पुढे गळले. हा मसुदा खर्चीक आहे आणि त्यातील माणसे मालिकेच्या स्वभावात बसत नाहीत, अशी निर्मात्यांची तक्रार होती. त्यावर स्टीव्हन काराबात्सोस, जीन कून, डोरोथी फाँटाना आणि निर्माते जीन रॉडनबरी या चौघांचे हात फिरले. अपघाताने टोचल्या गेलेल्या औषधाची कल्पना बहुधा काराबात्सोस यांची. पडद्यावरील बहुतेक संवाद फाँटाना व कून यांच्या मसुद्यांतून आलेले दिसतात. एलिसन यांना ‘कॉर्डवेनर बर्ड’ हे टोपणनाव लावायचे होते, पण रॉडनबरींनी ते मानले नाही.

कळीचा फरक शेवटात आहे. मूळ संहितेत ऐन क्षणी कर्कच्या हातून काही होत नाही आणि ईडिथला वाचवू पाहणाऱ्याला अडवायला स्पॉकला पुढे व्हावे लागते. प्रक्षेपित भागात हे अडवणे कर्क स्वतः करतो. एलिसन यांना हा बदल कथेचा घात वाटे. रॉडनबरी पुढे अनेकदा सांगत, की एलिसन यांनी यानाचा अभियंता स्कॉटी याला मादक द्रव्ये विकायला लावले होते. मूळ संहिता १९७६ मध्ये एका नाट्यसंग्रहात, आणि १९९६ मध्ये एलिसन यांच्या प्रदीर्घ व तिखट प्रस्तावनेसह स्वतंत्रपणे छापली गेली. तीत असे काहीही नाही. कथेचा कणा एलिसन यांचा आणि बोलीचा घाट इतरांचा, असे मानणे सयुक्तिक ठरते. सन्मानांचीही अशीच वाटणी झाली : अमेरिकेतील पटकथालेखकांच्या संघाचा पुरस्कार मूळ संहितेला मिळाला, तर १९६८ चा ह्यूगो हा विज्ञानकथांसाठीचा पुरस्कार प्रक्षेपित भागाला.

शीर्षकातील नगर कोठे गेले, याची एक आख्यायिका आहे. संहितेतील ‘रून्स’ (प्राचीन लिपीची अक्षरे) हा शब्द नेपथ्यविभागाने ‘रुइन्स’ (भग्नावशेष) असा वाचला, असे म्हणतात. ती बरीच उशिरा सांगितली गेलेली असल्याने जपूनच घ्यावी.

निर्मिती : चित्रीकरण फेब्रुवारी १९६७ मध्ये झाले. त्याला नेहमीचे सहा दिवस पुरले नाहीत आणि खर्च सुमारे अडीच लाख डॉलरांवर गेला. न्यूयॉर्कचा रस्ता कल्व्हर सिटीतील तयार नेपथ्याचा आहे. कर्क व ईडिथ ज्या केशकर्तनालयावरून चालत जातात, त्याची पाटी दुसऱ्याच एका विनोदी मालिकेतील आहे. ती झाकायची राहून गेली असावी. कालनिर्देशही सैल आहे : पार्श्वसंगीतात वापरलेले ‘गुडनाइट, स्वीटहार्ट’ हे गीत १९३१ चे, आणि ईडिथ ज्या क्लार्क गेबलचे नाव घेते तो १९३० मध्ये नायक म्हणून प्रसिद्ध झालेला नव्हता.

कालद्वाराला आवाज बार्ट लारू यांनी दिला. फाँटाना यांनी १९७३ च्या सचेतपट मालिकेतील ‘यस्टरइयर’ या भागात ते पुन्हा आणले. कथेवर बेतलेल्या उत्पादनांच्या मानधनावरून एलिसन यांनी २००९ मध्ये लावलेला दावा त्याच वर्षी तडजोडीने मिटला.