वायरलेसमधली खरखर कन्व्हर्टरच्या बोर्डावर कुठे जन्मते

रत्नागिरीतल्या मिरकरवाडा बंदराच्या जेटीवरून दुरुस्तीला आलेला वायरलेस सेट बऱ्याचदा ठणठणीत निघतो. तांडेल (बोटीचा प्रमुख) सांगतो, "बंदरात चांगला बोलतो दादा, रात्री दिवे लावले की नुसता खर्रर्र." दोष असतो एलईडी दिव्याला वीज पुरवणाऱ्या सर्किटमध्ये, म्हणजे ड्रायव्हरमध्ये, नाहीतर बॅटरीचे २४ व्होल्ट १२ वर आणणाऱ्या कन्व्हर्टरमध्ये. दोन्हींत स्विचिंग रेग्युलेटर असतो: ट्रान्झिस्टरचा स्विच प्रवाह भराभर जोडत-तोडत हवं तेवढं व्होल्टेज देतो.

हे दुखणं जुनं आहे. १९३०च्या दशकात मोटारीतल्या व्हॉल्व्हच्या रेडिओला बॅटरीतून शेकड्यांनी व्होल्ट हवे असत. त्यासाठी व्हायब्रेटर होता: थरथरती पट्टी प्रवाह जोडायची-तोडायची, पुढे ट्रान्सफॉर्मर. त्याच्या ठिणग्या त्याच रेडिओत ऐकू यायच्या, म्हणून तो पत्र्याच्या डबीत कोंडत आणि सोबत कपॅसिटर लावत. त्याच काळात, १९३४ साली, रेडिओतल्या अडथळ्यांची मापं ठरवायला सिस्पर ही आंतरराष्ट्रीय समिती पॅरिसमध्ये बसली.

पुढे ट्रान्झिस्टर आले. लिनिअर रेग्युलेटर (जादा व्होल्टेज उष्णतेत घालवणारा) शांत, पण उधळ्या: २४ व्होल्टचे १२ करून २ अँपिअर द्यायचे तर २४ वॅट नुसते तापण्यात जातात. स्विचिंगमध्ये ही नासाडी टळते. १९७७च्या अ‍ॅपल टू संगणकात रॉड होल्ट यांनी असाच हलका स्विचिंगचा वीजपुरवठा बसवला. संगणक घरात शिरले आणि शेजारच्या रेडिओ-टीव्हीला त्रास होऊ लागला, तेव्हा अमेरिकेच्या एफसीसी या दळणवळण नियामकाने १९७९ मध्ये संगणकी उपकरणांच्या उत्सर्जनावर मर्यादा घातल्या. त्यानंतर बोर्डाची आखणी हा हौसेचा विषय उरला नाही.

पूर्वी स्विचिंग २०-५० किलोहर्ट्झवर चाले, आता काही लाख हर्ट्झवर आणि त्याहून वर. कॉइल लहान झाली, पण मला खरी अडचण वाटते ती स्विच उघडण्या-मिटण्याच्या वेगाची. २ अँपिअर ५ नॅनोसेकंदांत तुटले आणि वाटेत सेंटीमीटरभर ट्रॅक, म्हणजे बोर्डावरची तांब्याची पट्टी, असला (तिचं इंडक्टन्स, म्हणजे प्रवाह बदलायला होणारा विरोध, मिलिमीटरला अंदाजे एक नॅनोहेन्री), तर तेवढ्या तुकड्यावर ४ व्होल्टचा झटका बसतो. ट्रॅकचं इंडक्टन्स आणि स्विचची कपॅसिटन्स (विद्युतभार साठवायची क्षमता) मिळून घंटेसारखी घुमतात, बहुधा १०० ते २०० मेगाहर्ट्झच्या आसपास. बोटीवरच्या वायरलेसचा, म्हणजे सागरी व्हीएचएफचा, चॅनल १६ आहे १५६.८ मेगाहर्ट्झवर. संकटात हाक मारायचा चॅनल तोच.

म्हणून बक कन्व्हर्टरमध्ये (व्होल्टेज उतरवणाऱ्या कन्व्हर्टरमध्ये) सर्वांत जपायचा भाग म्हणजे इनपुट कपॅसिटर, वरचा स्विच आणि खालचा डायोड किंवा स्विच यांचं वेटोळं. कॉइलमधला प्रवाह सावकाश बदलतो, या वेटोळ्यातला झटक्याने. त्याचं क्षेत्रफळ अर्धं केलं की त्यातून निघणारं चुंबकीय क्षेत्रही जवळपास अर्ध्यावर येतं. खालच्या थरात अखंड ग्राउंड (परतीच्या प्रवाहाचं तांबं) असेल तर उलटा प्रवाह अगदी ट्रॅकखालून परततो आणि क्षेत्र बरंच खोडलं जातं. त्याच ग्राउंडला मधोमध चीर दिली की परतीच्या प्रवाहाला वळसा पडतो. कॉइलला जोडणारा स्विच नोडचा तांब्याचा पट्टा उष्णतेसाठी ऐसपैस ठेवायचा मोह होतो, पण व्होल्टेज तिथेच सर्वांत जोरात उडतं.

मी उघडलेल्या एका बिननावाच्या कन्व्हर्टरमध्ये इनपुट कपॅसिटर आयसीपासून बोटभर लांब होता. मीडियम वेव्हचा खिशातला रेडिओ दोन स्टेशनांच्या मध्ये लावून बोर्डावरून फिरवला. आवाज नेमका त्या बोटभर ट्रॅकवर चढत होता. आयसीच्या इनपुट आणि ग्राउंडच्या पायांवर थेट १० मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर डकवला आणि गुरगुर पुष्कळ उतरली. वायरवर खरखर अडवायचे फेराइटचे मणी आधीच ओवलेले होते. वेटोळं तसंच असताना त्यांचा उपयोग थोडाच झाला होता.

२०१८ मध्ये अमेरिकेच्या तटरक्षक दलाने एलईडी दिव्यांमुळे व्हीएचएफ आणि एआयएसवर (जहाजांची ओळख आणि ठिकाण कळवणाऱ्या यंत्रणेवर) परिणाम होतो असा इशारा दिला. पडताळायची रीत सोपी आहे. दिवे बंद ठेवून मोकळ्या चॅनलवर स्क्वेल्च (रिकामी खरखर दाबणारं बटण) फिरवत जा, खरखर जेमतेम थांबेल तिथे सोडा, मग एकेक दिवा लावा. ज्या दिव्याला सेट पुन्हा खरखरू लागेल, त्याचा ड्रायव्हर आधी उघडायचा.