प्रतिमा, रचना, आशय: कविता उलगडण्याच्या तीन प्रश्नांची पार्श्वभूमी

एक बाई एका धार्मिक गृहस्थाला सांगते: आता खुशाल फिरा, तुम्हाला त्रास देणारे ते कुत्रे गोदेकाठच्या जाळीत राहणाऱ्या मस्तवाल सिंहाने आज मारले. दोन ओळींची ही गाथा महाराष्ट्री प्राकृतातली, हाल सातवाहनाच्या नावावर असलेल्या ‘गाथासप्तशती’तली. शब्द ‘फिरा’ म्हणतात आणि अर्थ निघतो, ‘पुन्हा इकडे फिरकू नका’. ती झाडी तिची प्रियकराला भेटण्याची जागा आहे; फुले तोडायला कोणी तिथे येणे तिला परवडणारे नाही. नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोक’ लिहिला, तेव्हा ध्वनी, म्हणजे शब्दांमागून सुचणारा अर्थ, काय असतो हे दाखवण्यासाठी अगदी सुरुवातीलाच त्याने ही गाथा घेतली. पुढे महिमभट्टाने हाच दाखला धरून वाद घातला की, हा दुसरा अर्थ ध्वनित होत नाही, तो अनुमानाने कळतो. गोदावरीच्या काठच्या एका चतुर बाईच्या बोलण्यावर काश्मीरचे पंडित पिढ्यान्‌पिढ्या भांडत होते, याचा मला फार आनंद वाटतो.

कवितेच्या विश्लेषणाचा सगळा इतिहास मला असाच दिसतो. हाताशी असलेल्या प्रश्नांना दाद न देणारी कविता समोर येते आणि तिच्यापायी नवा प्रश्न जन्माला येतो. प्रतिमा, रचना आणि आशय हे शब्द आज आपण एका दमात उच्चारतो. रसग्रहणाच्या उत्तरात ते शेजारी शेजारी बसतात. पण त्यांची वये सारखी नाहीत.

सर्वांत जुना प्रश्न प्रतिमेचा. भरताच्या नाट्यशास्त्रात अलंकार चारच आहेत: उपमा, रूपक, दीपक आणि यमक. भामह, दंडी, मम्मट अशी परंपरा पुढे सरकत गेली तशी ही संख्या वाढत गेली आणि अप्पय दीक्षिताच्या ‘कुवलयानंदा’पर्यंत ती शंभरावर गेली. या वर्गीकरणाला नुसती यादी म्हणून हिणवणे सोपे आहे. मला ते अन्यायाचे वाटते. मुख हे चंद्रासारखे आहे, मुख हाच चंद्र आहे, हे मुख की चंद्र, हे मुख नव्हेच, चंद्र आहे: उपमा, रूपक, ससंदेह आणि अपन्हुती यांच्यात मनाची चार वेगवेगळी पावले आहेत, आणि ती इतक्या बारकाईने मोजणारे वाचक त्या काळी होते. उणीव होती ती दुसरीकडे. हे वाचन बहुतेक वेळा एका श्लोकापाशी थांबत असे. सुटा श्लोक उचलायचा, त्यातले सौंदर्य दाखवायचे, पुढच्या श्लोकाकडे जायचे.

या सवयीला छेद दिला तोही आनंदवर्धनानेच. ‘ध्वन्यालोका’च्या चौथ्या उद्द्योतात, म्हणजे प्रकरणात, त्याने अख्ख्या महाभारताला प्रश्न विचारला: या एवढ्या ग्रंथाचा मुख्य रस कोणता? युद्धाने भरलेल्या महाकाव्याचा रस वीर असणार, असे कोणालाही वाटेल. त्याने उत्तर दिले, शांत. आधार घेतला शेवटाचा. यादव आणि पांडव या दोन्ही कुळांचा शेवट इतका उदास आहे की, त्यातून उरते ते वैराग्य, असे त्याचे म्हणणे. रचना कुठे जाऊन थांबते यावरून आशय ठरवण्याची ही रीत आजही तितकीच टिकाऊ आहे.

ग्रीक परंपरेत क्रम थोडा उलटा. अॅरिस्टॉटलने आधी रचनेकडे पाहिले. शोकनाट्याला आदी, मध्य आणि अंत हवा, हे त्याचे सूत्र. पुढे लाँजायनस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लेखकाने उदात्ततेवरच्या ग्रंथात ग्रीक कवयित्री सॅफोची एक कविता सविस्तर उलगडली. डोळ्यांपुढे अंधारी, कानात गुंजन, अंगाला घाम, थरथर: प्रेमाने पछाडलेल्या शरीराच्या या सुट्या खुणा निवडून एकत्र आणण्यातच तिचे सामर्थ्य आहे, असे त्याने दाखवले. ती कविता आज आपल्या हाती आहे ती मुख्यतः या विश्लेषणात उद्धृत झाली म्हणून.

मराठीत कवितेची चिकित्सा आधी कवितेतच सुरू झाली. १२९०च्या ज्ञानेश्वरीत, सहाव्या अध्यायाच्या आरंभी, ‘अमृतातेंहि पैजां जिंके’ ही ओवी सगळ्यांना पाठ असते. तिच्या पुढच्या ओव्या मात्र फारशा कोणी थांबून वाचत नाही. तिथे ज्ञानदेव म्हणतात की, या रसाळपणाच्या लोभाने ‘श्रवणींचि होति जिभा’, आणि बोलावरून इंद्रियांमध्ये आपसात भांडण लागते. शब्द हा तर कानाचा विषय, पण जीभ म्हणते हा माझा रस आहे, नाकाला तो सुगंध वाटतो. एका इंद्रियाचा अनुभव दुसऱ्याने घ्यावा, हा प्रतिमेचा व्यापार आधुनिक समीक्षेने फार नंतर स्वतंत्रपणे अभ्यासायला घेतला. इथे तो कवीने आपल्याच भाषेविषयी बोलताना सांगितला आहे, आणि तोही प्रतिमेतूनच. या ग्रंथातल्या प्रतिमांचा उगम तेराव्या शतकातल्या रोजच्या व्यवहारात शोधण्याचे काम विसाव्या शतकात म. वा. धोंडांनी ‘ज्ञानेश्वरीतील लौकिक सृष्टी’मध्ये केले, त्याला १९९७चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

आशयाचा प्रश्न ज्ञानेश्वरीच्याच सुमारास महानुभावांनी रोखठोक विचारला. भास्करभट्ट बोरीकरांनी ‘शिशुपाळवध’ रचले. ग्रंथ उत्तम उतरला आहे, पण तो शृंगाराचा आहे, निवृत्तीच्या वाटेवरच्या माणसाच्या कामाचा नाही, असा अभिप्राय त्यांना पंथातल्याच एका जाणत्याने दिल्याची आठवण पंथाने जपली आहे. त्यानंतर भास्करभट्टांनी उद्धवगीता लिहिली. या अभिप्रायात मला एक मोठी गोष्ट दिसते: रचना चांगली आहे आणि आशय आपल्या कामाचा नाही, ही दोन विधाने एकमेकांत न मिसळता करता आली आहेत. नंतरच्या कित्येक वादांत एवढे साधले नाही.

एकोणिसाव्या शतकात कविता छापली गेली, आणि हा बदल फार खोलवरचा होता. कीर्तनात, भजनात ऐकली जाणारी कविता पानावर दिसू लागली. १८५४मध्ये परशुरामपंत गोडबोल्यांचे ‘नवनीत’ आले आणि संत, पंत, शाहीर शालेय वाचनाचा भाग झाले. पानावरची कविता मोजता येते. गण पाडा, वृत्त ओळखा, अलंकार ओळखा, हे प्रश्न त्या सोयीतून रुजले. १८७४मध्ये सुरू झालेल्या ‘निबंधमाले’त विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी मोरोपंतांच्या कवितेवर विस्ताराने लिहिले, तिथे गुणदोषांची चर्चा मराठी गद्यात मोकळेपणाने होऊ लागली. छंदांच्या अभ्यासाचा पाया पुढे विसाव्या शतकात माधव जूलियनांनी ‘छंदोरचने’त घातला.

केशवसुतांनी चौदा ओळींची इंग्रजी घडण उचलली आणि ‘आम्ही कोण?’सारखी कविता शार्दूलविक्रीडितात बांधली. परकी चौकट, संस्कृत वृत्त, आणि आत कवीच्या ‘आम्ही’चा ठाम उच्चार. वृत्त ओळखून या कवितेविषयी जवळजवळ काहीच कळत नाही; तिन्ही गोष्टी एकत्र का आल्या, हे विचारावे लागते.

मराठी वाचकाला या प्रश्नांची खरी तालीम दिली ती एका आठ ओळींच्या कवितेने. बालकवींच्या ‘औदुंबर’वर जितके लिहिले गेले तितके क्वचितच दुसऱ्या एखाद्या छोट्या मराठी कवितेवर लिहिले गेले असेल. वरवर पाहता ते एक निसर्गचित्र आहे: दोन्ही तटांवर हिरवाळी घेऊन वाहणारा निळासावळा झरा, पलीकडच्या टेकडीकडे चार घरांचे गाव, शेतमळे, त्यांतून जाणारी पांढरी पायवाट, काळा डोह, आणि पाण्यात पाय टाकून बसलेला औदुंबर. अलंकार शोधायला बसले तर हाती फार लागत नाही. मग ही कविता मनातून जात का नाही?

तिचे रंग पाहावेत. पहिल्या तिन्ही जोडओळींत हिरवा आहे: हिरवाळी, हिरवी गर्दी, हिरवे कुरण. तिसऱ्या जोडओळीच्या शेवटी एकदम ‘काळ्या डोहाकडे’ येते, आणि चौथीत हिरव्याचा मागमूस नाही, तिथे ‘गोड काळिमा’ आहे. क्रियापदेही पाहावीत. झरा वाहतो, वाट चालते. सगळे कुठेतरी निघालेले आहे. शेवटच्या ओळीत ‘बसला’ येते आणि गती संपते. दुसऱ्या जोडओळीत गाव ‘टेकडीकडे’ आहे, तिसरीत वाट ‘डोहाकडे’ आहे. एकाच ‘कडे’ने वस्ती आणि डोह अशी दोन टोके बांधली जातात. गाव आहे, पायवाट आहे, म्हणजे माणसांचे येणेजाणे आहे, तरी कवितेत एकही माणूस दिसत नाही. माणसासारखा बसलेला एकटा तो वृक्ष.

इथून पुढे वाद सुरू होतो. कोणाला त्या वृक्षात विरक्त योगी दिसतो, कोणाला कवीचे उदास मन, कोणाला मृत्यूची सावली; कोणी म्हणतो, निसर्गचित्रच आहे, त्यावर अर्थ लादू नका. माझ्या मते सारी गाठ ‘गोड’ या विशेषणात आहे. काळिमा नुसता काळिमा असता तर कविता उदासीची झाली असती. तो गोड आहे, म्हणून तिचा आशय एका भावनेच्या नावात मावत नाही. प्रतिमा, रचना आणि आशय यांना वेगळे करता येत नाही, हे इतक्या कमी शब्दांत समजावणारी दुसरी कविता मला सुचत नाही.

१९२०च्या दशकात केंब्रिजमध्ये समीक्षक आय. ए. रिचर्ड्स विद्यार्थ्यांना कवीचे नाव काढून कविता वाचायला देत होते. विद्यार्थ्यांनी काय लिहिले, ते कुठे घसरले, ठरावीक भावनांचा आधार कसा घेतला, हे रिचर्ड्सनी १९२९च्या पुस्तकात मांडले. पुढच्याच वर्षी त्यांचे विद्यार्थी विल्यम एम्पसन यांनी संदिग्धतेचे सात प्रकार सांगितले. अमेरिकेतल्या नव्या समीक्षेने कवीचा हेतू बाजूला ठेवून संहितेला चिकटून वाचण्याचा आग्रह धरला. १९६२मध्ये भाषाशास्त्रज्ञ रोमान याकोब्सन आणि मानववंशशास्त्रज्ञ क्लोद लेव्ही-स्ट्रॉस यांनी फ्रेंच कवी बोदलेरच्या मांजरांवरच्या एका सुनीताचे व्याकरणाच्या पातळीवर इतके सूक्ष्म पृथक्करण केले की, साध्या वाचकाला यातले किती जाणवते, असा आक्षेप समीक्षक मिकाएल रिफातेर यांनी घेतला. तो आक्षेप आजही प्रत्येक विश्लेषकाने जवळ ठेवावा असा आहे.

मराठीत हे वळण आणले ते बा. सी. मर्ढेकरांनी, आणि ते कवीही होते म्हणून ते वळण कोरडे राहिले नाही. साहित्याचे माध्यम भावनात्मक अर्थ. तो संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांनी रचला जातो, ही त्यांची मांडणी. प्रतिमेबाबत त्यांनी ‘भावनानिष्ठ समतानते’ची कल्पना दिली: दोन गोष्टी दिसण्यात सारख्या नसल्या, तरी त्यांनी जागवलेली भावना समान असेल तर त्या जोडता येतात. मुख आणि चंद्र यांच्या मागे रूपाचे साम्य होते. ‘पिपात मेले ओल्या उंदिर, माना पडल्या, मुरगळल्याविण’ इथे ते माप निरुपयोगी ठरते. लगेच पुढे ओठांवर ओठ मिळतात आणि पुन्हा ‘माना पडल्या’, या वेळी ‘आसक्तीविण’. मेलेले उंदीर आणि प्रणय एकाच वाक्यखंडात बसवले आहेत. बदलतो तो फक्त ‘विण’च्या आधीचा शब्द. किळस आणि करुणा यांना जोडणारा दुवा या पुनरुक्तीत आहे. ‘काही कविता’ १९४७मध्ये आल्यानंतर अश्लीलतेचा खटला झाला आणि मर्ढेकर निर्दोष सुटले. दुर्बोधतेचा आरोप त्याहून जास्त टिकला. त्याला उत्तर म्हणून मराठीत जे बारकाईचे वाचन झाले, त्यातूनच आपल्या समीक्षेची भाषा घडली. विजया राजाध्यक्षांचा मर्ढेकरांवरचा ग्रंथ आणि सुधीर रसाळांचे ‘कविता आणि प्रतिमा’ ही त्या वाटेवरची ठळक कामे.

संहितेला चिकटून वाचण्याची मर्यादा १९७२मध्ये उघड झाली. नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ हा कवितासंग्रह आला, आणि विजय तेंडुलकरांनी प्रस्तावना लिहिण्यासाठी आधी अनेक शब्दांचे अर्थ कवीकडूनच समजून घेतले. ज्या वस्तीतून ती प्रतिमासृष्टी येते ती ठाऊक नसेल, तर कितीही बारीक वाचन उपयोगी पडत नाही. रचनेचा प्रश्नही बदलला. एकसंधता, समतोल या मापांनी ही कविता विस्कळीत वाटते. पण शिव्या, प्रमाण मराठी, बोली आणि संस्कृतप्रचुर शब्द यांची टक्कर हीच तिची रचना आहे. समतोल न साधणे हा तिचा आशय आहे. १९८८मध्ये शरद पाटलांनी अब्राह्मणी सौंदर्यशास्त्राची आणि १९९६मध्ये शरणकुमार लिंबाळे यांनी दलित सौंदर्यशास्त्राची मांडणी केली, त्यामागे हाच पेच होता: रस आणि आनंद हे निकष वेदनेच्या आणि नकाराच्या कवितेला लावायचे कसे?

आज नवा पेच जात्यावरच्या ओव्यांचा आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातल्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या आणि विषयवार लावल्या गेल्या. या ओव्यांना एक कवयित्री नाही, एक कायमची संहिता नाही. तीच प्रतिमा एका गावात भावासाठी येते, दुसऱ्या गावात लेकीसाठी. अशा वेळी एका ओवीचे रसग्रहण करून भागत नाही. एक प्रतिमा शंभर बायकांच्या तोंडी कशी वळते, कोणता शब्द बदलतो, कोणता कधीच बदलत नाही, हे पाहावे लागते. जात्याची फेरी आणि गळ्याची चाल हीदेखील तिथे रचनेचाच भाग आहेत. त्या नोंदवायला वृत्ताचे गण पुरत नाहीत, आणि त्यांच्यासाठीची परिभाषा मराठी समीक्षेला अजून तयार करायची आहे.