महासागर आणि हवामान बदल

पृथ्वीच्या पृष्ठभागाचा सुमारे ७१ टक्के भाग महासागराने व्यापला आहे. मानवनिर्मित हरितगृह वायूंमुळे पृथ्वीवर साठत गेलेल्या जादा उष्णतेपैकी ९० टक्क्यांहून अधिक उष्णता त्याने स्वतःत सामावून घेतली आहे. माणूस दरवर्षी हवेत सोडतो त्या कार्बन डायऑक्साइडचा सुमारे चौथा हिस्साही त्याच्याच पोटात जातो. त्यामुळे पृथ्वी किती तापली हे पाहायचे तर हवेच्या तापमानापेक्षा महासागरातील उष्णतेचा साठा हे अधिक भरवशाचे माप ठरते. हवेचे तापमान एल निन्योसारख्या घडामोडींमुळे वर्षागणिक वरखाली होते. साठ्याचा आलेख मात्र गेली काही दशके जवळजवळ सलग चढतो आहे.

पाण्याची उष्णता धरून ठेवण्याची शक्ती हवेच्या मानाने प्रचंड आहे. संपूर्ण वातावरण जेवढी उष्णता धरू शकते, तेवढी समुद्राच्या वरच्या जेमतेम तीन मीटरच्या थरात मावते. आणि महासागराची सरासरी खोली सुमारे ३,७०० मीटर आहे. पण ही सारी खोली लगेच कामी येत नाही. वारा आणि लाटा वरचा थर घुसळत असतात. खालचे थंड, जड पाणी त्यात सहजासहजी मिसळत नाही, आणि उष्णता तळापर्यंत झिरपायला शतके लागतात. या संथपणामुळे उत्सर्जन उद्या थांबले तरी समुद्रपातळी पुढे कित्येक शतके वाढतच राहील. १९०१ ते २०१८ या काळात ती सरासरी २० सेंटिमीटरने वाढली. २००६ ते २०१८ दरम्यान वाढीचा वेग वर्षाला ३.७ मिलिमीटर होता. या वाढीत वितळलेल्या बर्फाइतकाच तापून फुगलेल्या पाण्याचाही मोठा वाटा आहे. सागरी उष्णतेच्या लाटांचे प्रमाण १९८०च्या दशकापासून अंदाजे दुप्पट झाले असून १९९८, २०१०, २०१४–१७ आणि पुन्हा २०२३ पासून जगभरच्या प्रवाळांचे विरंजन झाले, म्हणजे उष्णतेमुळे ते रंग गमावून पांढरे पडले.

कार्बनचे गणित अधिक गुंतागुंतीचे आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बहुतेक शास्त्रज्ञ समजत की, धुराड्यांतून निघणारा कार्बन डायऑक्साइड समुद्र मुकाट्याने गिळून टाकील. १९५७ मध्ये रॉजर रेव्हेल आणि हान्स स्यूस या शास्त्रज्ञांनी या समजाला धक्का दिला. पाण्यात शिरलेला वायू तिथल्या कार्बोनेट आयनांशी संयोग पावून बायकार्बोनेट बनतो. कार्बोनेटचा साठा जसजसा खर्ची पडतो, तसतशी आणखी वायू घेण्याची समुद्राची ताकदही घटते. याच प्रक्रियेतून आम्लीकरण होते. औद्योगिक क्रांतीपासून पृष्ठजलाचा सामू (pH; तो जितका कमी तितकी आम्लता जास्त) सुमारे ८.२ वरून ८.१ वर आला. आकडा किरकोळ दिसतो, पण सामूची मोजपट्टी लघुगणकीय (एका अंकाचा फरक म्हणजे दहापट बदल) असल्याने हायड्रोजन आयनांत झालेली ही वाढ २५ टक्क्यांपेक्षा जास्त आहे. समुद्र अजूनही अल्कधर्मीच आहे, हे इथे नीट लक्षात ठेवायला हवे. तरीही प्रवाळ, कालवे आणि टेरोपॉड या चिमुकल्या पोहणाऱ्या गोगलगायी यांना कवच घडवणे आता अधिक कष्टाचे झाले आहे.

रसायनाच्या जोडीला जीवही राबतात. पृथ्वीवरील जवळपास निम्मे प्रकाशसंश्लेषण सागरी वनस्पतिप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म वनस्पतिसदृश जीव, करतात. त्यांचे अवशेष आणि ते खाणाऱ्यांची विष्ठा खाली पडत राहते आणि काही कार्बन खोल पाण्यात शतकानुशतके अडकून राहतो. याला जैविक पंप म्हणतात. तापलेल्या समुद्रात हा पंप किती चालेल, हा सागरविज्ञानातला माझ्या मते सर्वांत मोलाचा उघडा प्रश्न आहे. तापलेल्या पाण्यात प्राणवायूही कमी विरघळतो. १९६० नंतर महासागरातील एकूण प्राणवायू सुमारे २ टक्क्यांनी घटला.

महासागराच्या पद्धतशीर मापनाची सुरुवात १८७२–७६ मधील ‘चॅलेंजर’ जहाजाच्या सफरीपासून मानतात. आज हे काम मुख्यत्वे ‘आर्गो’ या आंतरराष्ट्रीय मापन प्रकल्पाची सुमारे ४,००० स्वयंचलित तरंगती यंत्रे करतात. प्रत्येक यंत्र हजार मीटर खोलीवर वाहत राहते, दर दहा दिवसांनी २,००० मीटरपर्यंत बुडी मारते आणि वर येताना तापमान व क्षारता मोजून उपग्रहाला कळवते. या यंत्रांपूर्वी अंटार्क्टिकाभोवतीच्या दक्षिण महासागराची भर हिवाळ्यातली माहिती जवळजवळ नव्हतीच, कारण तिथल्या वादळात जहाजे जात नसत.

म्हणून संशोधनात पहिला अग्रक्रम मिळायला हवा तो नोंदींच्या सातत्याला. नव्या यंत्रांना निधी मिळतो, तीच मोजणी विसाव्या वर्षी चालू ठेवायला मिळत नाही. आणि हुकलेले वर्ष मागाहून मोजता येत नाही. अटलांटिकमध्ये उष्णता उत्तरेकडे नेणाऱ्या उलथापालथी अभिसरणाचेच (वरून उबदार पाणी उत्तरेला जाते, खोलातून थंड पाणी परत येते) पाहा. २६.५ अंश उत्तर अक्षांशावर ते २००४ पासून सलग मोजले जाते. या शतकात ते मंदावेल हे बहुतांश तज्ज्ञांना मान्य आहे, पण आजवर दिसलेल्या चढउतारांत नैसर्गिक किती आणि मानवी किती हे वेगळे काढायला दोन दशकांची नोंद तोकडी पडते.

दुसरी उणीव खोलीची. महासागराचे जवळपास निम्मे पाणी २,००० मीटरच्या खाली आहे, म्हणजे नेहमीच्या आर्गो यंत्रांच्या आवाक्याबाहेर. ६,००० मीटरपर्यंत जाणारी यंत्रे आता सोडली जात आहेत, पण त्यांची संख्या फार थोडी आहे. सामू, प्राणवायू आणि नायट्रेट मोजणाऱ्या यंत्रांचीही तीच गत. अंटार्क्टिकाच्या समुद्रावर तरंगणाऱ्या हिमफळ्यांखाली शिरणारे उबदार पाणी समुद्रपातळीच्या अंदाजातील सर्वांत मोठी अनिश्चितता वाढवते, आणि तिथे पोहोचणे सर्वांत अवघड आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०२१–२०३० हे महासागर विज्ञानाचे दशक जाहीर केले, तरी समुद्रतळाचा आधुनिक साधनांनी काढलेला नकाशा अजून सुमारे चौथ्या भागाचाच आहे.

अलीकडे समुद्राकरवी आणखी कार्बन शोषून घेण्याच्या योजना पुढे येत आहेत. पाण्यात लोह मिसळून प्लवक वाढवण्याचे प्रयोग १९९३ पासून झाले. प्लवक वाढले, पण त्यातला किती कार्बन खरोखर खोलवर जाऊन टिकला, हे पटण्याजोगे दाखवता आलेले नाही. पाण्याची अल्कता, म्हणजे आम्लाला निष्प्रभ करण्याची क्षमता, वाढवण्याच्या योजनेपुढेही मोजणीची हीच अडचण आहे. शोषलेल्या कार्बनचा हिशेब आणि तिथल्या जीवांवरचा परिणाम स्वतंत्रपणे तपासण्याची सोय होण्याआधी अशा योजना व्यापारी प्रमाणावर सुरू करणे घाईचे ठरेल.