ऊब कपड्यात नसते, हवेत असते

मे महिन्यात स्वित्झर्लंडमधल्या इंटरलाकेनला न्याहारी करून निघालं, की दुपारच्या आत आपण युंगफ्राऊयोखच्या बर्फात उभे असतो. इंटरलाकेन समुद्रसपाटीपासून ५६८ मीटरवर आहे आणि युंगफ्राऊयोखचं रेल्वे स्टेशन ३४५४ मीटरवर. दर हजार मीटर उंचीला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. म्हणजे एका सकाळीत जवळजवळ १९ अंशांचा फरक. खाली लोक अर्ध्या बाह्यांच्या शर्टात आइस्क्रीम खात असतात, वर बर्फ पायाखाली करकरतो.

उन्हाळ्याच्या सुट्टीत महाराष्ट्रातून जाणारी पुष्कळ मंडळी हा प्रवास करतात. बहुतेकांच्या अंगावर तेच कपडे असतात: आत सुती टी-शर्ट, खाली जीन्स, वर कुणाकडून तरी मागून आणलेलं जाडजूड जॅकेट. मीही पहिल्यांदा तशीच गेले होते. आदल्या दिवशी लाउटरब्रुनेनच्या दरीत धबधब्याच्या तुषारांनी जीन्स भिजली. रात्रभर खुर्चीवर टाकूनही ती ओलसर राहिली आणि दुसरी धड पँट नसल्यामुळे तीच घालून वर गेले. अंगात जाड जॅकेट होतं, तरी मांड्यांना लागलेली ती थंडी अजून आठवते. ती का लागली हे नंतर नीट समजून घेतलं, आणि तेव्हापासून प्रवासाची बॅग भरण्याची माझी रीतच बदलली.

मुळात कापड स्वतः ऊब देत नाही. ऊब देते ती धाग्यांच्या मध्ये अडकून बसलेली, न हलणारी हवा. स्थिर हवेतून उष्णता फार सावकाश जाते, पाण्यातून ती हवेच्या सुमारे पंचवीस पट सहज वाहते. स्वेटर, दुलई, पिसांचं जॅकेट ही सगळी हवा धरून ठेवण्याची साधनं. हवा हलली, दाबली गेली किंवा तिच्या जागी पाणी आलं, की ऊब गेली.

ही ऊब मोजता येते. १९४१ मध्ये गॅगी, बर्टन आणि बॅझेट या तीन शास्त्रज्ञांनी त्यासाठी ‘क्लो’ हे एकक सुचवलं. २१ अंश तापमानाच्या, जवळजवळ वारा नसलेल्या खोलीत स्वस्थ बसलेल्या माणसाला आराम वाटावा इतके कपडे म्हणजे एक क्लो. साधारण एक पुरुषी सूट. इमारतींची वातानुकूलन यंत्रणा आखणारे अभियंते आजही हे आकडे वापरतात. त्यांच्या तक्त्यात लांब बाह्यांच्या पातळ स्वेटरला ०.२५ क्लो आणि जाड स्वेटरला ०.३६ क्लो दिलेले असतात. दोन पातळ स्वेटर एकावर एक घातले तर ढोबळमानाने ०.५० होतात, म्हणजे एका जाड स्वेटरपेक्षा बरेच जास्त. दोघांच्या मध्ये हवेचा आणखी एक थर फुकट मिळतो, आणि गरम झालं तर त्यातला एक उतरवता येतो.

उतरवता येणं फार महत्त्वाचं आहे. स्वस्थ बसलेला माणूस शंभरेक वॉट उष्णता बाहेर टाकतो. तोच झपझप चालू लागला की अडीचशेच्या पुढे जातो. युरोपातला प्रवाशाचा दिवस असाच असतो: बसमध्ये दोन तास बसा, मग किल्ल्याचा चढ चढा, मग वीस-एकवीस अंशांपर्यंत तापवलेल्या संग्रहालयात शिरा, मग नदीकाठच्या वाऱ्यात उभे राहा. एकच जाड जॅकेट यातल्या एखाद्याच क्षणाला योग्य असतं. बाकी वेळ घाम येतो, आणि घामानं खरी अडचण सुरू होते.

एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते (आहारातली ‘कॅलरी’ म्हणजे अशा हजार कॅलरी). भिजलेल्या जीन्समध्ये अर्धा लिटर पाणी आहे असं धरा. ते वाळवण्याची सगळी उष्णता अंगातूनच द्यायची ठरवली, तर स्वस्थ बसलेल्या शरीराची तीन तासांहून जास्त वेळची पूर्ण कमाई त्यात खर्च होईल. काही उष्णता आजूबाजूच्या हवेतून मिळते हे खरं, पण माझ्या मांड्या कशाला गारठल्या होत्या ते एवढ्या हिशेबावरून कळतं. कापसाचा धागा सेल्युलोजचा, आणि सेल्युलोजला पाण्याचं फार प्रेम. ओलं झालं की सुती कापड अंगाला चिकटतं, त्यातली हवा निघून जाते आणि जागा पाणी घेतं. आपल्या उकाड्यात सुताचा हा गुण सुखाचा असतो. आल्प्समध्ये तोच अंगावर येतो.

लोकरीचं तसं होत नाही. ज्यांनी भर पावसात डोक्यावरून घोंगडी घेऊन मेंढरांमागे उभा असलेला धनगर पाहिला आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको. लोकरीच्या धाग्याचं बाहेरचं खवल्यांचं आवरण पाण्याचे थेंब झटकून टाकतं, पण आतला गाभा पाण्याची वाफ शोषतो. ६५ टक्के आर्द्रतेच्या हवेत लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे १६ टक्के ओलावा धरते, कापूस आठेक टक्के आणि पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. वजनाच्या तिसऱ्या हिश्शाइतका ओलावा पोटात घेऊनही लोकर हाताला ओली लागत नाही. शिवाय हा ओलावा शोषताना ती थोडी उष्णता बाहेर सोडते. उबदार हॉटेलातून बाहेरच्या दमट थंडीत पाऊल टाकल्यावर पहिल्या काही मिनिटांत ती उष्णता जाणवण्याइतकी असते. आणि धागा मुळातच कुरळा असल्यामुळे भिजूनही तो पूर्ण चपटा होत नाही, थोडी हवा धरूनच ठेवतो.

मग लोकर टोचते त्याचं काय? ‘मला लोकरीची अ‍ॅलर्जी आहे’ असं म्हणणारे कितीतरी लोक भेटतात. बहुतेक वेळा ती अ‍ॅलर्जी नसते, धाग्याची जाडी असते. कापडातून बाहेर आलेलं धाग्याचं टोक त्वचेवर टेकतं. धागा बारीक असेल तर तो वाकतो, जाड असेल तर ताठ राहून त्वचेखालच्या चेतातंतूंना डिवचतो. जाडी दुप्पट झाली की ताठरपणा सोळापट होतो, म्हणून इथे थोड्याशा फरकानं फार फरक पडतो. साधारण ३० मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड धागे टोचतात. दख्खनी मेंढीच्या घोंगडीत असे भरड धागे भरपूर असतात. मेरिनो जातीच्या मेंढीची तलम लोकर २० मायक्रॉनच्याही आत येते, माणसाच्या केसाच्या निम्म्याहून बारीक. ही मेंढी स्पेनची. अठराव्या शतकापर्यंत स्पेननं ती जिवापाड जपली आणि देशाबाहेर जाऊ दिली नाही. आज तलम मेरिनोचा मोठा वाटा ऑस्ट्रेलियातून येतो. मेरिनोचा पातळ बनियन किंवा गोल गळ्याचा टी-शर्ट अंगाला लागून घालता येतो, आणि वर ब्लेझर किंवा कुर्ता घातला तर संध्याकाळी चांगल्या रेस्टॉरंटमध्येही शोभून दिसतो. महाग असतो, पण बॅगेत पैसे खर्च करायचे असतील तर मी आधी यावर करीन, जॅकेटवर नंतर.

आल्प्समधल्या लोकांना थर घालण्याचं हे शास्त्र फार आधीपासून अवगत होतं. १९ सप्टेंबर १९९१ रोजी इटली-ऑस्ट्रिया सीमेजवळ, ३२१० मीटर उंचीवर दोन गिर्यारोहकांना बर्फातून वर आलेला एक मृतदेह दिसला. तो सुमारे ५३०० वर्षांपूर्वीचा निघाला. ओत्झी या नावानं तो ओळखला जातो आणि इटलीतल्या बोल्झानोच्या संग्रहालयात त्याला त्याच्या कपड्यांसकट पाहता येतं. त्याच्या अंगावर विणलेलं कापड नव्हतंच, होती ती कातडी. २०१६ मध्ये त्यांचा डीएनए तपासला तेव्हा कळलं की टोपी तपकिरी अस्वलाची, पायांवरची आवरणं बकरीची, लंगोट मेंढीचा आणि कोट मेंढ्या-बकऱ्यांच्या निदान चार कातड्यांचा. जागेनुसार जनावर निवडलेलं. बुटांमध्ये वाळलेलं गवत कोंबलेलं होतं, म्हणजे पुन्हा अडकवलेली हवाच. मला सगळ्यात मोह पडतो तो त्याच्या कोटाचा. फिक्या आणि गडद केसांच्या पट्ट्या एकाआड एक शिवून तो केलेला होता. थंडीपासून वाचायला पट्ट्यांची नक्षी लागत नाही. पाच हजार वर्षांपूर्वी, त्या बर्फाळ खिंडीतही, माणसाला चांगलं दिसायचं होतं.

आता वारा आणि पाऊस. पाच अंश तापमानात ताशी ३० किलोमीटरचा वारा सुटला, तर उघड्या त्वचेला शून्य अंशासारखं वाटतं. वारा कापडात शिरून अडकलेली हवा पळवतो, म्हणून सगळ्यात वरचा थर वारा अडवणारा हवा. तो जाड असण्याची काहीच गरज नाही. ॲम्स्टरडॅमसारख्या ठिकाणी पाऊस वाऱ्याबरोबर आडवा येतो आणि छत्री उलटी होते, तिथे डोक्यावर घट्ट बसणारी टोपी जोडलेलं पातळ रेनकोट-जॅकेटच कामाला येतं.

असं जॅकेट बनवण्याची धडपड जुनी आहे. १८२३ मध्ये ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिन्टॉशनं दोन कापडांच्या मध्ये रबर घालून रेनकोटाचं पेटंट घेतलं. बाहेरचं पाणी अडलं, पण आतला घामही अडला. १८७९ मध्ये थॉमस बर्बेरी यांनी आधी जलरोधक केलेल्या सुतापासून अतिशय घट्ट विणीचं ‘गॅबर्डिन’ हे कापड काढलं. मग १९६९ मध्ये अमेरिकेत बॉब गोर यांनी तव्यांच्या लेपातलं टेफ्लॉन गरम करून एका झटक्यात ओढलं, आणि ते तुटण्याऐवजी ताणलं जाऊन असंख्य सूक्ष्म छिद्रांचा पडदा तयार झाला. पाण्याच्या थेंबाला ही छिद्रं फार लहान पडतात, पण वाफेचे सुटे रेणू त्यातून आरामात निघून जातात. मात्र वाफ बाहेर जाते ती आत जास्त आणि बाहेर कमी असेल तेव्हाच. कोकणातल्या जुलैमध्ये बाहेरची हवाच वाफेनं भरलेली असते, त्यामुळे असलं महागडं जॅकेट तिथे घालून घामाची आंघोळ होते. बर्गेन किंवा एडिनबराच्या थंड पावसात तेच जॅकेट आपलं काम चोख करतं. घेताना लेबल मात्र वाचा. पाणी झटकण्यासाठी वापरली गेलेली फ्लोरिनयुक्त रसायनं निसर्गात विघटनच पावत नाहीत, आणि काही संरक्षक पोशाख वगळता अशा कपड्यांवर फ्रान्सनं १ जानेवारी २०२६ पासून बंदी आणली आहे. या रसायनांशिवाय बनलेली जॅकेटं मिळतात.

मापाबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण इथे भौतिकशास्त्र आणि देखणेपणा एकाच बाजूला आहेत. कपडा फार ढगळ असला तर प्रत्येक पावलाला तो भात्यासारखा आतली गरम हवा गळ्यातून बाहेर फेकतो. फार घट्ट असला तर हवेला जागाच उरत नाही. आत अंगासरशी, वर जेमतेम सैल, असा बेताचा पोशाख उबदारही असतो आणि फोटोतही नीट दिसतो. भाच्याचं दोन मापं मोठं जॅकेट दोन्ही बाबतींत वाईट.

डोक्यातून निम्मी उष्णता जाते ही समजूत चुकीची आहे. डोकं शरीराच्या पृष्ठभागाच्या दहाव्या हिश्शाइतकं असतं आणि उष्णताही साधारण तेवढीच जाते. कानांसाठी टोपी घ्या, पण पायांकडे जास्त लक्ष द्या. प्राग किंवा रोमच्या दगडी फरसबंदीवर दिवसाला वीस हजार पावलं सहज होतात. फोड येतात ते त्वचेचे वरचे आणि आतले थर एकमेकांवर सरकल्यामुळे, आणि ओलसर त्वचेवर घर्षण वाढतं. सुती मोजे घाम धरून ठेवतात. लोकरीचे किंवा लोकर-नायलॉन मिश्र मोजे घ्या, आणि नवे बूट विमानात पहिल्यांदा घालू नका.

पंधरा दिवसांचे कपडे नेण्याची गरज नसते, कारण लोकरीला वास लवकर लागत नाही. बेल्जियमच्या गेंट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये व्यायामानंतर २६ जणांचे टी-शर्ट तपासले. पॉलिएस्टरचे शर्ट सुती शर्टांपेक्षा वाईट वासाचे निघाले, आणि त्यांच्यावर मायक्रोकॉकस नावाचे जिवाणू जोमानं वाढले होते. घामातले तेलकट घटक पॉलिएस्टरच्या पृष्ठभागावर चिकटून राहतात. लोकर वास देणारे रेणू आपल्या गाभ्यात ओढून घेते आणि हवेशीर टांगली की सावकाश सोडते. तिचे प्रथिनांचे धागे स्प्रिंगसारखे असल्यामुळे गरम शॉवरनंतरच्या वाफेत टांगून ठेवलं की सुरकुत्याही बऱ्याच निघतात. तीन मेरिनो टी-शर्टांवर मी बारा दिवस काढले आहेत.

आईला मी एक पश्मिन्याची शाल आवर्जून घ्यायला लावते. पश्मिना बकरीचे धागे साधारण बारा ते सोळा मायक्रॉनचे, म्हणजे मेरिनोहूनही तलम. विमानात ती पांघरूण होते आणि युंगफ्राऊयोखला मफलर. रोमच्या सेंट पीटर्स बॅसिलिकेत खांदे झाकल्याशिवाय आत सोडत नाहीत, तिथेही तीच कामी येते. या शालींनी युरोपला एकेकाळी वेडं केलं होतं. एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडच्या पेझली गावातले विणकर त्यांच्या नकला विणत आणि इंग्रजी बोलणाऱ्यांनी त्यावरच्या नक्षीला त्या गावाचंच नाव देऊन टाकलं. आईच्या साडीच्या काठावर तिला आपण कोयरी म्हणतो.

हे सगळं थंडीसाठी झालं. जुलैत रोमला गेलात आणि पारा ३५ च्या वर चढला, तर हिशेब उलटा मांडायचा. तिथे ढगळ सुती किंवा लिननचा कुर्ता घाला, म्हणजे भात्यासारखी हवा खेळती राहील. रस्त्यांवर जागोजागी पिण्याच्या पाण्याचे ‘नासोनी’ नावाचे बिडाचे नळ अखंड वाहत असतात. सुती रुमाल तिथे भिजवून मानेवर टाका. पन्नास ग्रॅम पाणी धरलेला तो रुमाल वाळताना जवळजवळ तीस हजार कॅलरी उष्णता घेऊन जाईल, आणि दर चौकात तो पुन्हा भिजवता येईल.