बहुवर्ग अध्यापन

एकाच शिक्षकाने एकाच वेळी, बहुधा एकाच खोलीत, दोन किंवा अधिक इयत्तांच्या मुलांना शिकवण्याच्या पद्धतीस बहुवर्ग अध्यापन म्हणतात. बेळगाव जिल्ह्यातील लहान सरकारी मराठी शाळांत, विशेषतः खानापूर तालुक्याच्या जंगलपट्ट्यातील गावांत, शिक्षकाला याच पद्धतीने काम करावे लागते. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीची पटसंख्या 60 पर्यंत असल्यास दोन शिक्षक पुरेसे मानले जातात. म्हणजे पाच इयत्ता दोघांत वाटल्या जातात, आणि त्यांतील एक रजेवर किंवा प्रशिक्षणाला गेला की पाचही इयत्ता एकाच्याच पुढ्यात येतात.

कर्नाटकात या परिस्थितीवर ‘नलिकली’ हा महत्त्वाचा उपक्रम उभा राहिला. आंध्र प्रदेशातील ऋषी व्हॅली या शिक्षणसंस्थेच्या ग्रामीण शाळांतील प्रयोगापासून प्रेरणा घेऊन 1995 मध्ये म्हैसूर जिल्ह्यातील हेग्गडदेवनकोटे तालुक्यात, युनिसेफच्या साहाय्याने, तो सुरू झाला. त्यात पाठ्यक्रमाचे लहान टप्पे पाडून त्यांची शिडी भिंतीवर लावलेली असते. मूल आपले कार्ड घेऊन आपल्या गतीने पायऱ्या चढते, आणि काही गट शिक्षकाच्या, काही सोबत्यांच्या मदतीने, तर काही स्वतंत्रपणे काम करतात.

या पद्धतीची खरी कसोटी शिक्षक ज्या इयत्तेजवळ नाही त्या इयत्तेत लागते. एका वर्गाला शिकवताना दुसऱ्याला ‘पाठ करा’ किंवा ‘उतरवून काढा’ असे सांगणे ही सर्वांत रूढ आणि सर्वांत निरुपयोगी वाट आहे. त्यापेक्षा विषय एकच ठेवून त्याची काठिण्यपातळी इयत्तेनुसार बदलणे फलदायी ठरते. जुलैत भातलावणीच्या दिवसांत तरव्यातील (रोपे वाढवण्याच्या वाफ्यातील) रोपांच्या दोन-चार पेंढ्या वर्गात आणल्या, तर पहिली-दुसरीची मुले रोपे मोजून दहा-दहाचे गठ्ठे बांधतात, तिसरीची मुले पट्टीने उंची मोजून तक्ता भरतात, आणि एका एकराचे 40 गुंठे या हिशेबाने आपल्या शेताला किती पेंढ्या लागतील याचे गणित चौथी-पाचवीची मुले मांडतात. भाषेच्या तासाला हाच विषय पुढे नेता येतो: लहान मुले अवजारांची नावे सांगतात, तर मोठी मुले आजीला विचारून धूळवाफ पेरणीची (पावसाआधी कोरड्या मातीत केलेल्या पेरणीची) माहिती लिहून आणतात. घरी वापरले जाणारे बोलीतले शब्द चुकीचे म्हणून खोडू नयेत. ते फळ्यावर लिहून त्यांच्याशेजारी पुस्तकातला शब्द लिहावा. तोंडातला शब्द खोडला गेलेले मूल पुढे बोलायलाच कचरते, आणि मूल बोलेनासे झाले की त्याला काय येते हे शिक्षकालाही कळत नाही.

कन्नडच्या तासाला सीमाभागातील मुलांना एक मोठी सोय आहे. कन्नड वर्णमालेचा क्रम बराचसा देवनागरीसारखाच असल्याने दोन्ही लिप्यांचा तक्ता शेजारी शेजारी टांगून मोठ्या मुलांकडून लहानांना अक्षरओळख करून घेता येते. अडचण येते ती ‘ए’ आणि ‘ओ’ या स्वरांत. कन्नडमध्ये ते ऱ्हस्व आणि दीर्घ असे वेगळे आहेत: ‘कोडु’मधला ओ आखूड उच्चारला तर ‘दे’ आणि लांबवला तर ‘शिंग’ असा अर्थ होतो. मराठी कानाला हा फरक सहज पकडता येत नाही, म्हणून लिहिण्याआधी ऐकण्याचा सराव द्यावा. शिक्षकाने शब्द उच्चारावा. ‘दे’ ऐकू आल्यास मुलांनी हात पुढे करावा आणि ‘शिंग’ ऐकू आल्यास डोक्याला बोटे लावावीत. या खेळात पाचही इयत्ता एकत्र बसू शकतात.

बैठक इयत्तेच्या ओळींऐवजी गटांची असावी आणि प्रत्येक गटाला फळ्याचा किंवा भिंतीचा स्वतःचा भाग द्यावा. मोठ्या मुलांकडून लहानांना शिकवून घेताना ते काम मुलांमध्ये पाळीपाळीने फिरवावे, अन्यथा हुशार मुलांचा स्वतःचा अभ्यास मागे पडतो. आठवड्याचे नियोजन करताना त्या त्या वेळी शिक्षक कोणत्या गटाजवळ नसेल, हे आधी लिहावे आणि त्या गटाचे काम प्रथम ठरवावे.