सामाजिक प्रभाव

इतरांच्या नुसत्या उपस्थितीने, वागण्याने किंवा हुकमाने व्यक्तीच्या वर्तनात पडणारा फरक. सामाजिक मानसशास्त्रातील हा एक मूलभूत विषय होय.

यावरील पहिला प्रयोग कोणाचा, याबाबत एकमत नाही. पाठ्यपुस्तके बहुधा अमेरिकेतील नॉर्मन ट्रिप्लेट (१८९८) यांचे नाव घेतात. सायकलस्वार एकट्यापेक्षा चुरशीत वेगाने जातात, हे पाहून त्यांनी मुलांना मासेमारीच्या गळाची चरखी फिरवायला दिली. जोडीने फिरवताना ४० पैकी २० मुलांचा वेग वाढला, १० जणांचा घटला, १० जणांवर परिणाम दिसला नाही. आकड्यांच्या २००५ मधील फेरतपासणीत मात्र हा फरक फारच क्षीण ठरला. फ्रेंच कृषी अभियंता माक्स रिंगेलमान यांचे दोर ओढण्याचे प्रयोग १८८० च्या दशकातले असले, तरी ते १९१३ मध्ये छापले गेले. प्रयोगाचा काळ धरल्यास अग्रमान त्यांच्याकडे जातो आणि तेच अधिक सयुक्तिक वाटते. त्यांच्या कोष्टकात आठ जण एकत्र असता प्रत्येकाचा वाटा एकट्याच्या ताकदीच्या ४९ टक्क्यांवर येतो.

ही घट दुहेरी असते : ओढ एका क्षणी पडत नाही आणि माणूस जोरही कमी लावतो. दोन्ही वेगळे काढण्यासाठी १९७४ मध्ये व्यक्तीला डोळे बांधून दोराच्या पुढच्या टोकाला उभे केले. मागचे लोक ओढण्याचे नुसते सोंग करत. तरीही तिघांपर्यंत तिची ओढ घटत गेली, पुढे जवळपास स्थिरावली. सांगलीत कृष्णेवरील होड्यांच्या शर्यतीत हेच दोन दोष संभवतात. वल्ही एका ठेक्यात पडली की पहिला दोष कमी होतो. दुसऱ्यासाठी प्रत्येकाचे वल्हवणे स्वतंत्र मोजावे लागते, कारण आपला वाटा ओळखू येणार हे कळल्यावर अंगचोरी घटते.

प्रेक्षकांचा परिणाम उलटसुलट का होतो, याचा उलगडा रॉबर्ट झायंस यांनी १९६५ मध्ये केला. उपस्थितीने उत्तेजना वाढते आणि अंगवळणी पडलेली क्रिया आधी बाहेर येते. कुंडलच्या कुस्ती-मैदानात घोटलेला डाव म्हणूनच सफाईने बसतो. कच्चा डाव फसतो आणि पैलवान जुन्याच सवयीच्या पकडीकडे वळतो. नवा डाव आधी तालमीत, बघ्यांविना, पक्का करणे इष्ट.

सॉलोमन अॅश यांच्या रेषांची लांबी ताडून पाहण्याच्या प्रयोगांत (१९५१–५६) गटाच्या उघड चुकीच्या उत्तरापुढे सुमारे तृतीयांश वेळा माणसे झुकली. खरे बोलणारा एक साथीदार मिळताच हे प्रमाण खूपच खाली आले.

आज्ञापालनावरील स्टॅन्ली मिलग्रॅम यांच्या प्रयोगात (१९६१–६२) उत्तर चुकणाऱ्या दुसऱ्या माणसाला विजेचे वाढते धक्के देण्याचा हुकूम असे. ४० पैकी २६ जणांनी ४५० व्होल्टचे शेवटचे बटण दाबले. विजेचा धक्का खोटा होता, हे त्यांना ठाऊक नव्हते. प्रयोगकर्ता फोनवरून सूचना देऊ लागला, तेव्हा शेवटपर्यंत जाणारे सुमारे २० टक्के उरले. दोन सहकाऱ्यांनी आधी नकार दिला, तेव्हा ४० पैकी चौघेच पुढे गेले. याला आंधळी ताबेदारी म्हणावे, की शास्त्राच्या कामाशी वाटलेली बांधिलकी, हा वाद चालू आहे. जेरी बर्गर यांच्या २००९ मधील पुनरावृत्तीत ‘तुम्हाला दुसरा पर्यायच नाही’ हा सर्वांत कडक हुकूम ऐकल्यावर एकही जण पुढे गेला नाही. त्यामुळे दुसरे मत अधिक ग्राह्य ठरते.