डोळे मिटलेले, कान उघडे

दांडिया बाजारातील आमच्या शेजारच्या काकूंना पोटाच्या जुन्या दुखण्यासाठी डॉक्टरांनी संमोहनोपचार सुचवला, तेव्हा त्यांनी मला विचारलेला पहिला प्रश्न पोटाविषयी नव्हताच. "नको ते बोलून तर जाणार नाही ना मी?" एवढेच त्यांना जाणून घ्यायचे होते. ही धास्ती रंगमंचावरच्या प्रयोगांची देणगी आहे. लहानपणी आमच्या गणेशोत्सवात मीही असा एक प्रयोग पाहिला होता आणि मंचावर बोलावलेले एक गृहस्थ कच्चा बटाटा सफरचंद समजून चवीने खात होते, ते दृश्य अजून डोळ्यांपुढे आहे. मात्र असे प्रयोग करणारा माणूस आधी सगळ्या प्रेक्षकांना हातांची बोटे गुंफायला लावतो, ती घट्ट चिकटली आहेत असे सांगतो आणि ज्यांची बोटे सहजी सुटत नाहीत अशांनाच वर बोलावतो, हे तेव्हा कोणाच्या लक्षात आले नव्हते. थोडक्यात, निवड आधीच झालेली असते, आणि चारचौघांत मान राखण्याची धडपड उरलेले काम करते.

उपचाराच्या खोलीत यातले काही नसते. पहिली बैठक बहुधा नुसत्या बोलण्यात जाते: दुखणे केव्हापासून आहे, कशाने वाढते, झोप कशी लागते, कोणती औषधे चालू आहेत, पूर्वी कधी भ्रम किंवा भास झाले होते का. शेवटचा प्रश्न आगाऊपणाचा वाटला तरी त्याचे उत्तर खरे द्यावे, कारण तीव्र मनोविकारात संमोहनाने त्रास वाढू शकतो. एखादा उपचारक यातले काहीच न विचारता थेट डोळे मिटायला सांगत असेल, तर तिथून उठून आलेले बरे.

प्रत्यक्ष संमोहनाची सुरुवात अगदी साधी असते. भिंतीवरच्या एका ठिपक्याकडे पाहायचे, श्वास संथ होऊ द्यायचा, पायाच्या बोटांपासून कपाळापर्यंत एकेक अवयव सैल सोडायचा आणि आपण एखादा जिना उतरत आहोत असे मनात आणत आकडे मोजायचे. लक्ष आतल्या बाजूला एकवटले की उपचारक सूचना देऊ लागतो. आतड्याच्या तक्रारीत पोटावर तळहात ठेवून त्याची ऊब आत झिरपते आहे, किंवा खळाळणारी नदी हळूहळू संथ होते आहे, अशी कल्पना करायला सांगतात. शेवटी आकडे उलटे मोजून डोळे उघडायचे आणि काय जाणवले यावर थोडे बोलायचे, की बैठक संपली.

या सगळ्या वेळात बाहेरच्या रिक्षांचे भोंगे ऐकू येतात, नाक खाजले तर खाजवता येते आणि वाटले तर उठून जाताही येते. संमोहन म्हणजे झोप नव्हे. त्या अवस्थेतील मेंदूच्या विद्युतलहरी झोपेतल्या लहरींसारख्या नसतात. म्हणूनच अनेकांना पहिल्या बैठकीनंतर "काहीच झाले नाही" असे वाटते, आणि घड्याळ पाहिल्यावर मात्र दहा मिनिटे वाटलेला वेळ प्रत्यक्षात अर्ध्या तासाचा होता, हे ध्यानात येते. ज्यांच्यावर सूचनांचा फार खोल परिणाम होतो असे लोक थोडे, आणि ज्यांच्यावर जवळजवळ होतच नाही असेही थोडेच. बाकीचे आपण सगळे मधले. या संमोहनक्षमतेचे मोजमाप करणारी स्टॅनफर्डची मापनपट्टी 1959 सालापासून वापरात आहे.

सामर्थ्य संमोहित करणाऱ्यात नसून होणाऱ्यात असते, हा विचार ठामपणे मांडणारा माणूस आपल्याच किनाऱ्यावरचा होता. गोव्यातील कांदोळी येथे 1756 मध्ये जन्मलेले आबे फारिया 1813 मध्ये पॅरिसमध्ये यावर जाहीर व्याख्याने देत असत. पणजीतील त्यांच्या पुतळ्यात ते एका स्त्रीवर हात पसरून जणू शक्तिपात करताना दाखवले आहेत, म्हणजे त्यांच्या सिद्धांताच्या नेमके उलट!

सूचनेने मेंदूत खरोखर काही बदलते का, याचा एक सुंदर पुरावा 1997 मध्ये माँट्रियलमधील प्रयोगातून मिळाला. संमोहित व्यक्तींचा हात 47 अंश सेल्सियसच्या पाण्यात बुडवून, ही वेदना कमी किंवा अधिक त्रासदायक वाटेल अशी सूचना त्यांना देण्यात आली. तेव्हा स्पर्श आणि उष्णता नोंदवणाऱ्या भागाचे काम जवळपास तसेच राहिले, पण वेदनेचा जाच ठरवणाऱ्या, मेंदूच्या मध्यभागी पुढच्या बाजूला असलेल्या पट्ट्यातील हालचाल सूचनेप्रमाणे बदलली. दुखणे तेच राहूनही त्याचा जाच कमी होऊ शकतो, तो असा.

पोट वारंवार दुखणे आणि शौचाची घडी बिघडणे अशा आतड्याच्या ज्या विकाराला डॉक्टर आयबीएस म्हणतात, त्यात या उपचाराचा आधार बराच भक्कम आहे. मँचेस्टरमध्ये 1984 साली 30 रुग्णांवर झालेल्या चाचणीत तीन महिन्यांत अर्ध्या-अर्ध्या तासाच्या सात बैठका मिळालेल्यांना, केवळ बोलण्याचा उपचार आणि निष्प्रभ गोळ्या मिळालेल्यांपेक्षा लक्षणीय आराम पडला. पुढे औषधांनी गुण न येणाऱ्या रुग्णांसाठी ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांतही त्याला जागा मिळाली. धूम्रपान सोडवण्याच्या बाबतीत मात्र पुरावा तुटपुंजा आहे. गतजन्मात नेण्याचा दावा तर उपचारांत मोजूच नये, कारण संमोहनात कल्पनेला आठवणीचा रंग सहज चढतो आणि न घडलेली घटनाही घडल्यासारखी ठामपणे आठवू लागते.

शौचावाटे रक्त जात असेल किंवा वजन घटत असेल, तर आधी तपासण्या करून घ्याव्यात आणि चालू औषधे आपल्या मनाने बंद करू नयेत. उपचारक मनोविकारतज्ज्ञ किंवा भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेला चिकित्सा मानसशास्त्रज्ञ असावा. नुसते शिबिराचे प्रमाणपत्र पुरेसे नाही. बैठकीनंतर क्वचित डोके जड होते किंवा गुंगी वाटते, म्हणून पुरते भान येईपर्यंत स्कूटरला किल्ली लावू नये.

दोन बैठकांच्या मधल्या काळात रोज ऐकण्यासाठी ध्वनिमुद्रण देतात, आणि खरा सराव त्यावरच होतो. काकू ते दुपारी जेवणानंतर आडव्या पडून ऐकत असत आणि तिसऱ्या मिनिटाला घोरू लागत. आता त्या सकाळी, चहाच्या आधी, खुर्चीत ताठ बसून ऐकतात.